बैलगाडीवरला उपग्रह

जांबोटीच्या रस्त्याने लाकडे वाहणारी बैलगाडी दिसली, की आम्हांस १९८१ सालचे एक छायाचित्र हटकून आठवते. ‘ॲपल’ हा आपला दळणवळण उपग्रह बैलगाडीत ठेवलेला आहे. पुष्कळ लोक ते पाहून देशाच्या दारिद्र्याची थट्टा करतात. आम्हांस ती रुचत नाही. उपग्रहाच्या ॲन्टेनाची चाचणी बंगळुरास मोकळ्या जागी घ्यावयाची होती. लोखंडी वाहनाने मापे बिघडली असती, म्हणून लाकडी गाडा घेतला. पुढे १९ जून रोजी फ्रेंच गियानातील कुरूहून ‘एरियन’ अग्निबाणाने तो आकाशात नेला.

खरी ओढाताण त्याआधी थुंब्यास झाली होती. केरळचा तो किनारा निवडणाऱ्यांत आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या शब्दाखातर तेथील कोळ्यांनी घरे सोडली व संत मारिया माग्दालेनाचे ख्रिस्तमंदिरही दिले. हे किती जड गेले असेल, ते धरणाखाली घरदार गेलेल्यांस सांगावयास नको! त्याच मंदिरात पहिल्या अग्निबाणाची जुळणी झाली. त्यात उपग्रह नव्हता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी क्रेनने उचलून प्रक्षेपकावर ठेवताना तो कलू लागला. क्रेनला गळती लागली होती. संध्याकाळची ठरलेली वेळ जवळ आलेली. अखेर मंडळींनी तो हातांनी उचलून जागेवर बसविला, आणि तो उडाला.

मंदिराची ती वास्तू अजून उभी आहे. तेथे आता अंतराळ संग्रहालय आहे.