कारखानीस म्हणजे कारखानदार नव्हे!

१/ आडनावावरून घराण्याचा पराक्रम सिद्ध करण्याची हौस सध्या बोकाळली आहे. पूर्वजांचा शोध अवश्य घ्यावा. परंतु जुने पदनाम आजच्या अर्थाने वाचणे म्हणजे संशोधन नव्हे, आत्मवंचना आहे.

२/ 'कारखानीस' हेच पाहा. शिवकाळातील कारखाना म्हणजे यंत्रांची गिरणी नव्हे, तर राज्याचे कोठार किंवा खाते. अठरा कारखान्यांत धान्याचा अंबारखाना होता, तसा हत्तींचा पीलखानाही. गडावरचा कारखानीस साठ्याचा हिशेब ठेवी. तो मालक नव्हता.

३/ 'हवालदार' याच्या उलट. आज हा पोलिसांतील कनिष्ठ हुद्दा. तेव्हा मात्र गड ज्याच्या हवाली, तो गडाचा मुख्य अधिकारी. शब्द तोच, दर्जा निराळा. म्हणून कागदाचे साल न पाहता अर्थ लावणे व्यर्थ.

४/ चिटणीस, सबनीस यांतील 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. १६७४च्या राज्याभिषेकानंतर मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत झाला. 'राज्यव्यवहारकोश' याच खटपटीतून सिद्ध झाला. पदे तीच, नावे दोन. एकच शब्द धरून दफ्तर चाळणाऱ्याच्या हातून अर्धा पुरावा निसटतो.

५/ "आडनाव म्हणजे जातीचा दाखला," असे काही जण छातीठोकपणे सांगतात. हे साफ चूक आहे. देशमुखी हे वतन होते; देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांतही आहेत. कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने रद्द झाली. पद गेले, आडनाव उरले. नुसत्या आडनावावरून जात ठरत नाही, पराक्रम तर नाहीच.

६/ आता मूळ मुद्दा. पीलखान्यात हत्ती सांभाळणारे होते, फरासखान्यात तंबू ठोकणारे होते. त्यांना पूर्वज नव्हते काय? लेखणी हाती असलेल्यांची पदे आडनावे होऊन मिरवली. या राबणाऱ्यांची नावे बहुधा कागदावर चढलीच नाहीत. आडनावांच्या गौरवगाथा हा अन्याय पुन्हा गिरवतात.

७/ तेव्हा मित्रहो, पदनाम दिसताच तीन प्रश्न विचारा: कागद कोणत्या सालचा? कोणत्या प्रांतातला? त्या पदाचे तिथे नेमके काम काय? मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा. उत्तर अभिमानास्पद निघेलच असे नाही, पण ते खरे असेल.