विश्लेषण : उत्तम उडणारे ‘जेटलायनर’ भंगारात का गेले?

जगातले पहिले प्रवासी जेट विमान म्हणून ब्रिटनच्या ‘कॉमेट’चे नाव घेतले जाते आणि ते बरोबरच आहे. २७ जुलै १९४९ रोजी त्याच्या प्रोटोटाइपने इंग्लंडमधील हॅटफिल्ड येथून पहिले उड्डाण केले. मात्र त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १० ऑगस्टला, कॅनडात टोरांटोजवळच्या माल्टन विमानतळावरून आणखी एक प्रवासी जेट उडाले. ते होते ॲव्रो कॅनडा कंपनीचे ‘सी-१०२ जेटलायनर’. कॉमेटला पुढे भीषण अपघात झाले, तरी ते विकले गेले. जेटलायनरमध्ये एकाचाही जीव गेला नाही आणि त्याचे एकही विमान विकले गेले नाही.

विमान कुणासाठी होते?

कॉमेट लांब पल्ल्याचे, तर जेटलायनर जवळच्या शहरांना जोडणारे. सरकारी मालकीच्या ट्रान्स-कॅनडा एअरलाइन्सची गरज समोर ठेवून जेम्स फ्लॉइड यांच्या चमूने त्याचा आराखडा केला. आधी रोल्स-रॉइसची दोन नवी ‘एव्हॉन’ इंजिने बसवायचे ठरले होते. पण ती नागरी वापरासाठी मिळेनात. मग जुनी ‘डरवेंट’ इंजिने घेतली, तीही चार. इंधन जास्त लागू लागले, पल्ल्यावर मर्यादा आली. पहिल्या उड्डाणाआधीच विमान कंपनीने अंग काढून घेतले होते. म्हणजे जेटलायनर उडाले तेव्हा त्याला गिऱ्हाईकच नव्हते.

दुसऱ्याच उड्डाणात चाके खाली आली नाहीत. वैमानिकाने विमान पोटावर उतरवले. नुकसान इतके थोडे झाले, की काही आठवड्यांत ते पुन्हा हवेत होते.

एप्रिल १९५०मध्ये जेटलायनर टपाल घेऊन टोरांटोहून न्यूयॉर्कला ५८ मिनिटांत पोहोचले. तेव्हाच्या पंख्याच्या विमानांना जवळपास दुप्पट वेळ लागे. अमेरिकी कंपन्या चौकशी करू लागल्या.

मग घोडे कुठे अडले?

जून १९५०मध्ये कोरियन युद्ध पेटले. ॲव्रोकडे ‘सीएफ-१००’ या लढाऊ विमानाचेही काम होते आणि ते रखडले होते. १९५१च्या अखेरीस मंत्री सी. डी. हाऊ यांनी जेटलायनर बाजूला ठेवून लढाऊ विमानावर लक्ष द्या, असा आदेश दिला. अर्धवट तयार झालेला दुसरा प्रोटोटाइपही मोडीत निघाला.

इथपर्यंत सरकारला दोष देणे कठीण आहे. युद्धकाळात कारखान्याची ताकद मर्यादित असते आणि ऑर्डर नसलेल्या विमानावर करदात्यांचा पैसा किती ओतायचा, हा प्रश्न रास्तच होता. खरी चूक पुढची. १९५२मध्ये अमेरिकी उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी जेटलायनर स्वतः उडवून पाहिले. त्यांना ते टीडब्ल्यूए कंपनीसाठी हवे होते. अमेरिकेत परवान्यावर बांधून घेण्याचीही त्यांची तयारी होती. म्हणजे माल्टनच्या कारखान्यावर भार न टाकता विमान बाजारात आणण्याचा मार्ग चालून आला होता. पण तोही पुढे गेला नाही. फ्रान्सचे ‘कॅराव्हेल’ १९५५मध्ये उडाले, अमेरिकेचे ‘डीसी-९’ तर १९६५मध्ये. जवळच्या शहरांसाठी जेट हवे, हा अंदाज ॲव्रोने त्यांच्या कितीतरी आधी बांधला होता.

उरलेला एकमेव प्रोटोटाइप कशासाठी वापरला गेला? सीएफ-१००च्या चाचण्यांचे हवेतून चित्रीकरण करण्यासाठी. ज्या लढाऊ विमानापायी त्याचा बळी गेला, त्याचीच छायाचित्रे!

डिसेंबर १९५६मध्ये तो कापून भंगारात काढण्यात आला. कॉकपिटचा पुढचा भाग तेवढा वाचला. तो आज ओटावा येथील विमान व अंतराळ संग्रहालयात आहे.