पंप फिरला पाहिजे

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह आपल्याकडे दरवर्षी पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही होती. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. त्यांची आठवण म्हणून हा सप्ताह.

अशाच एका सप्ताहात देवळाली कॅम्पातील एका संस्थेच्या आवारात मला एक छोटी अग्निशामक गाडी पाहावयास मिळाली. जीपच्या चासीवर बांधलेली, मागच्या बाजूस पंप असलेली. कॅम्पात जीपचे कोणाला नवल नाही. तोफखान्याच्या शाळेमुळे तीन पिढ्यांनी जीपा पाहिल्या आहेत. पण लाल जीप, तीही पितळी घंटेची, म्हटल्यावर मुलांची झुंबड उडाली. गाडीचा ‘जीर्णोद्धार’ नुकताच झाला आहे, असे अभिमानाने सांगण्यात आले. रंग खरोखरच आरशासारखा होता. पंपाच्या तोंडावरचे झाकण मात्र त्याच रंगाने चिकटून बसले होते. पाना लावून ते उघडले, तेव्हा आत कुंभारमाशीने घर केलेले दिसले आणि पंपाची चकती बोटाने फिरेना.

माझे मत स्पष्ट आहे. याला जीर्णोद्धार म्हणू नये, ही रंगसफेदी झाली. अग्निशामक गाडी म्हणजे चाकांवर बसविलेला पंप. तो फिरत नसेल, तर घंटा कितीही लखलखीत असली तरी उरते ती लाल जीप.

आता हा पंप चालू करावयाचा झाला, तर काय काय शिकावे लागते ते पाहा. तो केंद्रोत्सारी पंप असतो. वेगाने फिरणारी चकती (मेकॅनिक तिला इंपेलर म्हणतात) पाणी मध्यातून कडेकडे फेकते. पण हाच पंप कोरडा असताना विहिरीत नळी सोडली तर कितीही फिरवा, पाणी वर येत नाही. हवा पाण्याच्या मानाने सुमारे आठशे पट हलकी. तिला फेकून चकतीला पुरेसा दाबाचा फरक निर्माण करता येत नाही. म्हणून आधी नळीतली हवा काढावी लागते. पुष्कळ जुन्या गाड्यांत हे काम इंजिनाच्या धुराकडूनच करून घेत. धूर अरुंद तोंडातून झोतासारखा सोडला, की तो शेजारची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. नळीत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा विहिरीतील पाण्याला वर ढकलते. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो खरे, पण ढकलणारे असते ते वातावरण.

येथेच देवळालीचा संबंध येतो. समुद्रसपाटीवर वातावरण पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १०.३ मीटर वर ढकलू शकते. देवळाली ५५० ते ६०० मीटर उंचीवर आहे. येथे ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या थोडी वर राहते. नळीतील घर्षण, पाण्याची वाफ आणि सांध्यांतून शिरणारी हवा वजा केली, तर प्रत्यक्षात सात मीटर मिळाले तरी पुष्कळ. हे आकडे आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो आणि मुले वहीत उतरवून घेतात. बादलीभर पाणी, सहा मीटरची नळी आणि दाबमापकाचा हलणारा काटा यांनी ते जन्मभर लक्षात राहतील.

आणखी एक गणित तुम्हीच करा. मिनिटाला १००० लिटर पाणी ७ किलो दर चौरस सेंटिमीटर दाबाने सोडावयाचे, तर किती शक्ती लागेल? उत्तर सुमारे १६ अश्वशक्ती येईल. पंपातील तोटा धरला तर पंचवीसच्या पुढे. महायुद्धातल्या विलीज जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते, म्हणजे हे ओझे त्याला झेपणारे. पण गाडी एका जागी उभी असताना समोरून वारा येत नाही आणि इंजिन तापते. म्हणून अनेक अग्निशामक गाड्यांत पंपातलेच थोडे पाणी फिरवून इंजिन थंड ठेवतात. त्या बारीक नळ्या गंजलेल्या असल्या, तर रंगाखाली ते दिसत नाही.

जुने भाग बदलले तर गाडीचे ‘मूळपण’ जाते, असा आक्षेप जुन्या गाड्यांचे शौकीन घेतात. त्यात तथ्य आहे. तरी रबराच्या नळ्या, वॉशर, दांड्याभोवतीचे पॅकिंग या झिजण्यासाठीच केलेल्या वस्तू आहेत. त्या बदलाव्यात आणि जुन्या चिठ्ठी लावून जपाव्यात. चासी, इंजिन, पंपाचे ओतीव घर यांना मात्र हात लावू नये.

खरी अडचण कायद्याची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने सरकारी आणि नगरपालिकांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून थांबली. ती वाहने अधिकृत भंगार केंद्रातच द्यावयाची. अपवाद आहेत ते संरक्षण व सुव्यवस्थेच्या कामातील खास वाहनांसाठी. आता वजाबाकी करा. पंधराव्या वर्षी जी मोडली जाते, ती पन्नाशी गाठणार कशी? आमच्या कॅम्पातली जीप या नियमाच्या कितीतरी आधी निवृत्त झाली, म्हणून वाचली.

जुन्या गाड्या सेवेत ठेवाव्यात, असे मी म्हणत नाही. आगीत शिरणाऱ्या माणसाला जुन्या ब्रेकच्या भरवशावर सोडणे हा गुन्हाच होईल. लोखंड वितळवून पुन्हा वापरणेही योग्यच. पण प्रत्येक जिल्ह्यात निदान एक गाडी, रस्त्यावर न आणण्याच्या अटीवर, आयटीआय किंवा महाविद्यालयाला देण्याची तरतूद नियमात करता येईल. तेवढीही नको असेल, तर नुसता पंप द्यावा.

शिक्षकांना मात्र बजावून सांगतो. जुन्या ब्रेक-अस्तरात व पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, जुन्या रंगात शिसे. ते कोरडे घासू नये, आणि मुलांकडून तर मुळीच नाही. साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून ७ किलो दाबाने पाणी सुटले, तर ते धरणाऱ्याला सुमारे सतरा किलो वजनाइतका मागे रेटा देते. तेथे मोठी माणसेच हवीत.

त्या जीपचा पंप उघडण्याची परवानगी मागणारा अर्ज मी संस्थेकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मला एक गोष्ट शिकविली. पंपाच्या दांड्याशी पाणी थेंब थेंब गळले पाहिजे. त्या थेंबांनीच पॅकिंग थंड राहते. नवखा माणूस गळती दिसली की नट आवळतो, आणि दांडा चरे पडून वाया जातो. “सर, मिनिटाला थोडे थेंब पडू द्यायचे,” तो म्हणाला, “आणि ते मोजायला एक पोरगं बसवायचं.”