फुप्फुस हा शेतकऱ्याचा अवयव नाही काय?

घोड आणि भीमेच्या काठच्या उसात तणनाशकाचा पंप हौसेने आलेला नाही. खुरपणीला माणूस मिळत नाही. मिळाले तर उसाच्या भावात मजुरी बसत नाही. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला दोष देणाऱ्या शहाण्यांनी एक दिवस उसात खुरपे धरून पाहावे, मग बोलावे.

पण या औषधाची बाधा होऊन जो जगतो, त्याचे पुढे काय होते?

पॅराक्वाट घ्या. पोटात गेले की तोंड-घसा सोलवटतो, दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे थकतात. फुप्फुस तर हे विष रक्तातून ओढून साठवते. आतल्या पेशी मरतात, तिथे घट्ट व्रण धरतो. यावर उतारा नाही. काही कीटकनाशकांवर चालणारे अ‍ॅट्रोपिन येथे चालत नाही आणि गरज नसताना दिलेला ऑक्सिजन इजा वाढवतो. म्हणून रुग्णाबरोबर बाटली न्या. पोलीस केसच्या भीतीने औषधाचे नाव लपवू नका. जिवाला कंटाळून कोणी ते घेतले असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला शिक्षा नव्हे, उपचार मिळाले पाहिजेत.

जे वाचतात त्यांची मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत होतात. फुप्फुसाचे तसे नाही. कोणाचा दम महिनोन्‌महिने हळूहळू सुधारतो, कोणाचा कायमचा कमी राहतो. दवाखान्यातून घरी सोडले म्हणजे माणूस बरा झाला असे नाही. मोळी उचलायची, रात्री दारे धरायचे, ते या दमावर कसे?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. चर्चा झाली ती मेलेल्यांच्या आकड्याची.

सरकारची वहीही तशीच. २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधा हा अपघात धरला आहे. मृत्यू झाला तर २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. अवयव म्हणजे हात किंवा पाय. हातपाय शाबूत, पण दम गेलेला शेतकरी सरकारच्या लेखी धडधाकट! त्याचे कर्ज मात्र तसेच उभे.

आमच्या मागण्या तीनच आहेत. लघवीत डायथायोनाइट टाकून पॅराक्वाट ओळखण्याची साधी, स्वस्त तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवी. निळा रंग आला की विष कळते. घरी सोडताना फुप्फुसाच्या फेरतपासणीची तारीख ससूनसारख्या रुग्णालयाने कागदावर लिहून द्यावी. आणि योजनेतील अवयवांत फुप्फुस धरावे.

गावोगावच्या शाखांनी वाचलेल्यांची, त्यांना विचारून, यादी करून जिल्हा बैठकीला आणावी. मेलेल्यांची गणती सरकार करते. जगलेल्यांची आपणच केली पाहिजे.