जबलपूरचा धडा आणि केनियाची तरतूद

जबलपूर, २८ एप्रिल : ज्या खटल्यामुळे या शहराचे नाव देशाच्या न्यायिक इतिहासात नोंदले गेले, त्याच्या निकालाला आज ५० वर्षे पूर्ण झाली. 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला' प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला, की आणीबाणीत 'मिसा'खालील स्थानबद्धाला बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येणार नाही. मध्य प्रदेशासह अनेक उच्च न्यायालयांनी याउलट कौल दिला होता. एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी असहमती नोंदवली. पुढील वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले.

अशी वेळ येऊच नये, याची तजवीज पूर्व आफ्रिकेतील केनियाने घटनेतच केली आहे. अध्यक्षीय पद्धतीच्या या प्रजासत्ताकाच्या २०१० च्या राज्यघटनेतील अनुच्छेद २५ नुसार बंदी प्रत्यक्षीकरणाच्या आदेशाचा हक्क कोणत्याही कारणाने मर्यादित करता येत नाही. आणीबाणीची घोषणाही १४ दिवसच टिकते. पहिल्या मुदतवाढीस राष्ट्रीय सभेचे दोन-तृतीयांश, तर त्यापुढील वाढीस तीन-चतुर्थांश बहुमत लागते. शिवाय घोषणेची वैधता सर्वोच्च न्यायालय तपासू शकते.

भारताला हे संरक्षण किंमत मोजून मिळाले. ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही अबाधित ठेवले. १९७६ चा निकाल मात्र २०१७ मध्ये, गोपनीयतेच्या खटल्यात रद्दबातल झाला. बहुमतात असलेल्या न्या. यशवंत चंद्रचूड यांचा निर्णय त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी 'गंभीररीत्या सदोष' ठरवला.

तथापि, केवळ कलमाने माणूस सुटत नाही. केनियात जून २०२४ मधील करविरोधी आंदोलनानंतर आंदोलकांच्या अपहरणाच्या तक्रारी वाढल्या. तीन बेपत्ता व्यक्तींच्या प्रकरणात वारंवार बोलावूनही गैरहजर राहिलेल्या प्रभारी पोलीस महानिरीक्षकांना उच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२४ रोजी अवमानासाठी सहा महिन्यांची कैद सुनावली. हजर होण्यासाठी सात दिवसांची सवलत दिली. त्या आठवड्यातच तिघेही परतले.

जबलपूर प्रकरणात खालच्या न्यायालयांनी उघडलेले दार सर्वोच्च न्यायालयाने बंद केले. नैरोबीत कलम हाती असूनही पोलीसप्रमुखाला तुरुंगाची भीती दाखवावी लागली. स्वातंत्र्याची हमी घटना देते. ती बंदिवानापर्यंत पोहोचवण्याचे काम अखेर न्यायाधीशाचेच असते.