प्रवासखर्च कोणाला आणि केव्हा?

अर्थशास्त्राच्या परिषदांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा अध्यक्ष कोण, बीजभाषण कोणाचे आणि निबंध किती आले, याभोवती फिरते. परिषदेला कोण पोहोचू शकले नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता तो विचारून पाहावा, असे आम्हांस वाटते.

या जिल्ह्यांत अर्थशास्त्राला विषयांची वाण नाही. सांगलीचा हळदीचा बाजार, तासगावचा बेदाणा, खानापूर-आटपाडीतून देशभर पसरलेले सोन्या-चांदीचे गलाई व्यावसायिक, माण-खटावचा दुष्काळ, म्हैसाळ आणि टाकारी उपसा योजनांच्या वीजबिलाचा भार कोणी उचलावा हा न सुटणारा वाद, या प्रत्येकावर एकेक प्रबंध उभा राहील. काही उभे राहतातही. परंतु त्यांचे लेखक आपल्या विषयातील जाणत्यांसमोर उभे राहून उलटतपासणीला क्वचितच सामोरे जातात. आकडेवारी येथून जाते, अभ्यासक मात्र जात नाही. मग सिद्धान्त दुसरीकडे घडतात आणि आमचा मुलुख त्यांत उदाहरणापुरता उरतो.

अडचण पैशाची आहे, हे उघडच आहे. पण ती केवळ रकमेची नाही, पैसे मिळण्याच्या क्रमाचीही आहे. सर्वसाधारण रीत अशी की, आधी पदरमोड करून जावे आणि परतल्यावर तिकिटे, नोंदणीशुल्काची पावती व उपस्थितीचे प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा. मंजुरी यथावकाश येते. कायम प्राध्यापकाला हे परवडते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणाचे काय? त्याला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. परिषदेसाठी चार दिवस गेला, तर प्रवासाचा खर्च होतो आणि बुडालेल्या तासांचे पैसेही जातात. मिरज, सांगली, साताऱ्यावरून जाणारी गोवा एक्सप्रेस दिल्ली गाठायला एक दिवसाहून अधिक वेळ घेते, हेही लक्षात घ्यावे. ज्याला मदतीची खरी गरज आहे, त्यालाच ही व्यवस्था आधी सावकारी करायला लावते, आणि तीही सरकारला!

याउलट एक जुना दाखला साताऱ्याशीच निगडित आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेले भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले, ते सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, असे तिचे स्वरूप होते. बदल्यात बडोद्याची दहा वर्षे सेवा करण्याचा करार होता. अट कडक होती, पण आधी स्वखर्चाने शिका आणि मग पावत्या दाखवा, असे कोणी म्हटले नाही. त्याच मुक्कामात, मे १९१६ मध्ये, या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. आज शंभर वर्षांनंतरही तो वाचला जातो.

मात्र पैसा दिला की काम संपले, असेही नाही. १९०१ च्या सुमारास हाच मुलगा भावंडांसह खटाव तालुक्यात नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर, गाडीभाडे द्यायची तयारी असूनही, जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर पुढचा प्रवास झाला. तो अन्याय अस्पृश्यतेचा होता. त्याची बरोबरी कोणत्याही गैरसोयीशी करता येणार नाही. पण त्यातून एवढे नक्की शिकावे की, भाड्याची रक्कम हा प्रवासाचा निम्माच भाग असतो. परक्या शहरात उतरायचे कोठे, उतरवून घेईल कोण, सभागृहात बोलेल कोण, हा उरलेला भाग आहे. आटपाडीहून एकटीने निघणाऱ्या संशोधक मुलीच्या घरच्यांचा पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो, रात्रीच्या मुक्कामाचा असतो.

यावर आक्षेप येईल की, परिषदा म्हणजे प्रमाणपत्रांचा बाजार झाला आहे, त्यावर पैसा का उधळावा? आक्षेप खोटा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने निबंधवाचनाला गुण दिले, तेव्हापासून अशा मेळ्यांना ऊत आला. परंतु बाजार फोफावला तो उपस्थिती मोजल्यामुळे. त्यावर उपाय मदत आखडण्याचा नव्हे, तर नीट निवड करण्याचा आहे. वीस जणांना अर्धे भाडे देण्यापेक्षा पाच जणांना, निबंध वाचून पारखून, सारा खर्च निघण्यापूर्वी द्यावा. त्यांत तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी आधी असावेत. बुडालेल्या तासांची भरपाई व्हावी. यजमान संस्थेने वसतिगृहात मुक्कामाची हमी द्यावी. परतल्यावर पावत्यांच्या गठ्ठ्याऐवजी आपल्या महाविद्यालयात एक जाहीर व्याख्यान मागावे, तेही मराठीत.

एवढा पैसा कोठून आणायचा? या जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, नागरी सहकारी बँका आहेत. पाच जणांचा प्रवासखर्च त्यांच्या वार्षिक सभेच्या मंडपापेक्षा फार जड नसावा. सहकाराच्या विचाराला अर्थशास्त्रज्ञांचा आधार होता, हे तरी त्यांनी विसरू नये. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे एक महाविद्यालय धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने उभे आहे. १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध करणाऱ्या वि. म. दांडेकरांचा जन्मही साताऱ्याचाच, १९२० चा. थोरांची नावे इमारतींना देणे सोपे असते. त्या इमारतीत शिकलेल्या तरुणाच्या हाती निघण्याच्या आदल्या दिवशी तिकीट ठेवणे, हे त्या नावांचे अधिक खरे स्मरण होईल.