यंत्राची दारू

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ साली, दिल्लीने आणखी एक कायदा केला होता. तो होता पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासंबंधीचा. माणसाने सोडावी आणि यंत्राने धरावी, असा हा उफराटा न्याय!

यंत्राला ती मानवते, यात शंका नाही. अमेरिकेत घराभोवतीची हिरवळ कापायला छोटी इंजिने वापरतात. तिथले काही हौशी लोक सरकारी परवाना काढून त्यांच्यासाठी घरीच मद्यार्क गाळतात. कृती ऐकायला सोपी आहे. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालायचे, ते आंबवायचे आणि मग भट्टीवर ऊर्ध्वपातन करायचे. कितीही वेळा गाळा, वजनाने शेकडा ९५-९६ च्या पुढे मजल जात नाही. शेवटचे पाणी काही मद्यार्काचा पदर सोडीत नाही. पण इंजिनाची त्याला हरकत नसते. ब्राझीलमध्ये असल्या पाणीदार मद्यार्कावर मोटारी धावतात. मात्र तो पेट्रोलच्या टाकीत अंदाजाने ओतू नये. पाणी मद्यार्काला घेऊन तळाशी बसते आणि इंजिन अडते.

शिवाय या पाहुण्याची बडदास्त वेगळी ठेवावी लागते. एक किलो पेट्रोल जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, मद्यार्काला नऊच पुरते. म्हणून कार्बुरेटरचे जेट मोठे करावे लागते, नाहीतर इंजिन उपाशी राहते. थंडीत सकाळी ते सुरू करायला थोडे पेट्रोल पाजावे लागते. टू-स्ट्रोक इंजिनात घालायचे खनिज तेल मद्यार्कात नीट मिसळत नाही. तिथे आजीबाईंचे एरंडेलच कामी येते, कारण ते त्यात विरघळते!

आता गृहिणींनी हिशेब तपासावा. लिटरभर मद्यार्कात पेट्रोलच्या दोनतृतीयांशच उष्णता असते. म्हणजे एक लिटर पेट्रोलच्या जागी दीड लिटर मद्यार्क हवा. एक किलो साखरेतून फार तर सहाशे मिलिलिटर निघतो. तेव्हा लिटरभर पेट्रोलपायी अडीच किलो साखर गेली. एवढ्यात घरची दिवाळी गोड होते! भट्टीचे सरपण वेगळेच. आणि आपल्याकडे विनापरवाना भट्टी लावणे हा गुन्हा आहे. मद्यार्काची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही, हा धोका निराळा.

हा धंदा साखर कारखान्याला परवडतो, कारण त्याच्याकडे मळी उरते आणि भट्टीला उसाची चिपाडे असतात. टाकाऊतून टिकाऊ, ते हेच. पण गरज वाढली की मळी पुरत नाही. २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमधील मद्यार्काचे प्रमाण शेकडा वीसवर पोचले. त्यासाठी आता उसाचा रस जातो, तांदूळ जातो, मकाही जातो. परदेशी तेलाचे पैसे वाचतात, शेतकऱ्याला नवे गिऱ्हाईक मिळते, हे खरेच. पण ऊस पाणी किती पितो, हे दुष्काळी गावातल्या बाईला विचारावे.

म्हणून मळीचा मद्यार्क यंत्राने खुशाल प्यावा. पण दाणे आणि पाणी त्याच्या पेल्यात ओतताना, ते कुणाच्या ताटातून उचलले, एवढे पाहावे. अडीच किलोंचा तो हिशेब घरात खरा आहे आणि देशातही खराच आहे.